सुलभक

जिल्हा परिषदेच्या शाळेला मुख्याध्यापक असतो, केंद्राला केंद्रप्रमुख असतो, बीटाला विस्तार अधिकारी असतो. या सगळ्यांच्या नेमणुकीचा आदेश निघतो. सुलभकाला आदेश लागत नाही, तो आपला आपण उगवतो. पूर्वी प्रशिक्षणाच्या पत्रकावर ‘तज्ज्ञ मार्गदर्शक’ असं छापलेलं असायचं, पुढे त्या जागी ‘सुलभक’ आलं. खुर्चीवरचा माणूस मात्र तोच राहिला.

आमच्या केंद्राचे सुलभक म्हणजे आमच्याच शाळेतले सर. मूळ गाव सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. नोकरी सातारा जिल्ह्यात, कऱ्हाड तालुक्यात. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज वर्षानुवर्षं ऑनलाइन लटकलेला. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांना त्यांचा लाभ होतो. सोमवार ते शनिवार ते सातारा जिल्ह्याला शिकवतात, रविवारी सांगलीला.

अंगाने किरकोळ, आवाज मात्र मैदानी. गळ्यात कुठल्या तरी जुन्या प्रशिक्षणाचं ओळखपत्र. खिशाला तीन पेनं, निळं, लाल आणि हिरवं. हिरव्या शाईने सही करण्याइतकं पद अजून मिळालेलं नाही, पण तयारी असावी. समोरच्याला एखादी गोष्ट माहीत नसली की सर अस्वस्थ होतात, आणि त्यांनी न सांगता ती त्याला माहीत असली तर जास्तच अस्वस्थ होतात.

डी.एड.ला असताना हर्बार्टची पंचपदी त्यांच्या अंगात शिरली ती आजतागायत निघाली नाही. हर्बार्ट हा जर्मन तत्त्वज्ञ १८४१ साली वारला. त्याने पाठाच्या चारच पायऱ्या सांगितल्या होत्या, त्याच्या शिष्यांनी त्या पाच केल्या. गुरूने काही सांगितलं की त्यात एक पायरी वाढवायची, ही शिष्यांची खोड तेव्हापासूनची आहे. सर त्याच परंपरेतले. आधी पूर्वज्ञान तपासायचं, मग हेतुकथन करायचं, त्याशिवाय ते चहासुद्धा मागत नाहीत. एकदा सकाळी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून त्यांनी हेतुकथन केलं, “आज आपण गॅसचा सिलिंडर लवकर का संपतो, हे पाहणार आहोत.” आतून वहिनी म्हणाल्या, “अहो, पाहू नका. आणा.”

याच वहिनींना सरांनी स्कूटी शिकवायला घेतली होती. महिनाभर ब्रेकचे प्रकार, गुरुत्वमध्य आणि वाहतुकीची चिन्हं झाली. चिन्हांची चाचणीसुद्धा झाली. मग सर एका निवासी प्रशिक्षणाला गेले. परत आले तेव्हा वहिनी त्यांना स्टँडवर न्यायला स्कूटीवरून आल्या होत्या. शेजारच्या कॉलेजातल्या पोरीने फक्त मागे बसून “काकू, सोडा आता पाय” एवढंच सांगितलं होतं. मागे बसल्यावर सरांनी वहिनींना पहिला प्रश्न विचारला, “आता सांग, तोल कशामुळे सांभाळला जातो?” वहिनींनी गियर नसलेली ती गाडी अशी पळवली की सर घरापर्यंत गप्प बसले.

सरांची सासुरवाडी हरिपूरची. सांगलीला लागून, कृष्णा आणि वारणेच्या संगमावरचं हे गाव. जमिनीत पेव खणून त्यात हळद साठवायची इथली जुनी रीत आहे. २००५च्या महापुरात पेवांची दाणादाण उडाली, पण त्याआधी सासरेबुवांच्या घरात ते काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. अशा माणसाला त्याच्याच ओसरीवर बसवून सरांनी, पेवात हळद का टिकते, आत हवा कशी कोंडते, किडीला प्राणवायू कसा मिळत नाही, हे तासभर समजावलं. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी सरांनी सवयीने विचारलं, “समजलं का?” सासरे म्हणाले, “समजलं की जावईबापू. इतकी वर्सं हळद उगीचच टिकत हुती म्हणायची.”

शिक्षणखात्यात वारं फिरतं तसे सर फिरले, हा आरोप मात्र खोटा आहे. वारं फिरलं तरी सर होते तिथेच राहिले, बॅनर तेवढे बदलले. १९९५च्या सुमाराला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, सरांनी त्यावर व्याख्यान दिलं. आनंददायी शिक्षण आलं, त्यावरही गंभीर चेहऱ्याने व्याख्यान दिलं. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्याचं व्याख्यान सातत्यपूर्णही होतं आणि सर्वंकषही. त्यानंतर ज्ञानरचनावादाची लाट उसळली आणि सरांच्या कारकिर्दीचा सुवर्णकाळ सुरू झाला.

या लाटेचा उगम आमच्याच जिल्ह्यात होता. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटात विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी काम उभं केलं. मुलं गोल करून फरशीवर बसतात, खडूने फरशीवरच लिहितात, खडे, मणी, काड्या हाताळत आकडे आणि अक्षरं जुळवतात, एकमेकांना विचारतात. शिक्षक त्यांच्यामध्ये मांडी घालून बसलेला, आणि बराच वेळ नुसता बघत असलेला. २२ जून २०१५ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या कुमठ्याकडे वळल्या. आमच्या केंद्राचीही एक गेली. पुढच्या सीटवर अर्थात सर.

तिथे आमच्या लोकांनी सगळ्यात जास्त फोटो फरशीचे काढले. कारण सोपं होतं. फरशी दिसत होती. मूल अडलं की किती वेळ थांबायचं, कुठला प्रश्न टाकायचा, कधी उठून दुसऱ्या गटाकडे जायचं, यातलं काही फोटोत येत नाही. जे दिसलं ते आम्ही घेऊन आलो, बाकीचं कुमठ्यातच राहिलं.

आल्या आल्या सरांनी पेंटर बोलावला आणि लोकवर्गणीतून फरशी ऑइलपेंटने रंगवून घेतली. पेंटरने विचारलं, “अक्षरं कुठल्या तोंडानं काढू?” सर म्हणाले, “दारातून येणाऱ्याला सरळ दिसली पाहिजेत.” दारातून साहेब येतात. मुलं दाराकडे तोंड करून बसतात, म्हणून मुलांना ती सगळी बाराखडी उलटी दिसायला लागली. फरशी पुसता येत नव्हती, त्यामुळे खडूने लिहायचा प्रश्नच मिटला. मात्र तिसरीतला एक पोरगा वर्षभरात उलटी अक्षरं घडाघडा वाचायला शिकला. आजही तो माझ्या टेबलापलीकडे उभा राहून माझं हजेरीपत्रक वाचतो आणि कोण कधी गैरहजर होतं ते सांगतो. हे त्याला कुणीही शिकवलेलं नाही.

साहित्यपेटीही झाली. आइस्क्रीमच्या काड्या, बाटल्यांची झाकणं, खडे, मणी, चिंचोके. हरवू नयेत म्हणून सरांनी सगळं कपाटात बंद करून किल्ली स्वतःजवळ ठेवली आणि डेडस्टॉक रजिस्टरला रीतसर नोंद केली, ‘चिंचोके, नग ५००’. पुढे तपासणीत ३४० भरले. सरांनी निर्लेखनाचा प्रस्ताव तयार केला आणि कारणाच्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं, ‘विद्यार्थ्यांनी भाजून खाल्ले.’ साहित्य मुलांच्या हातात पडल्याचा आमच्या शाळेतला तो एकमेव लेखी पुरावा.

सरांचं प्रशिक्षण बघण्यासारखं असतं. साडेदहाला सुरुवात. समोर रांगेत बाकं, बाकांवर चाळीस-पन्नास शिक्षक, वयाने तिशीपासून निवृत्तीच्या उंबरठ्यापर्यंत. भिंतीवर प्रोजेक्टर. विषय ‘व्याख्यान पद्धतीच्या मर्यादा’. बोलणारे सर, तीन तास. “मूल हे कोरी पाटी नसतं, लिहून घ्या. मूल स्वतःच ज्ञानाची रचना करतं, लिहून घ्या. शिक्षकाने कमीत कमी बोलावं, याला अधोरेखित करा. पुढची स्लाइड.” मग पियाजे येतो, व्हायगॉट्स्की येतो, मागच्या बाकावर डुलकी येते. एकदा माण तालुक्यातून बदलून आलेल्या एका तरुण मॅडमनी हात वर केला. “सर, मूल जर स्वतः ज्ञान रचतं, तर शिक्षकही तसंच रचत असेल ना? मग आम्हाला काहीतरी करायला द्या की.” सर म्हणाले, “चांगला प्रश्न आहे. प्रश्न शेवटी.” शेवटी जेवण होतं.

त्या मॅडमचं चुकलं नव्हतं. त्या तीन तासांत पन्नास शिक्षकांनी पाहिलं काय, तर एक माणूस उभा आहे आणि बाकीचे बसून लिहून घेताहेत. सोमवारी आपापल्या वर्गात जाऊन त्यांनी नेमकं तेच केलं. प्रशिक्षण वाया जातं असं लोक उगीच म्हणतात. ते शंभर टक्के पोचतं, फक्त स्लाइडवरचं पोचत नाही.

आमच्या जिल्ह्याला खरं तर हे नव्याने सांगायची गरज नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली ती आमच्याच तालुक्यातल्या काले गावी. १९२४ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं. तिथे नाना जातींची पोरं एकत्र राहायची, स्वयंपाक करायची, शेतात राबायची. समता या विषयाला तिथे वेळापत्रकात तास नव्हता. एका पंगतीत भाकरी होती. ‘कमवा आणि शिका’ यातलं ‘कमवा’ हे शिकण्याच्या मध्ये येत नव्हतं, बरंचसं शिकणं त्यातूनच होत होतं. हे सगळं सरांना तोंडपाठ आहे. २२ सप्टेंबरच्या जयंतीला ते पंचक्रोशीतल्या कुठल्या ना कुठल्या शाळेत प्रमुख पाहुणे असतात आणि श्रमप्रतिष्ठेवर दीड तास बोलतात. एका वर्षी त्या दीड तासात मांडव धरून ठेवणारी, खुर्च्या वाहणारी, पाण्याचे जार उचलणारी आठ-दहा पोरं मागे होती. ‘ही मुलं भाषण ऐकत नाहीत’ म्हणून त्यांना नंतर ओरडा बसला. ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस असतो. भिवा रामजी आंबेडकर हे नाव १९०० साली त्या तारखेला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झालं. त्या दिवशी आमच्या शाळेत विद्यार्थी सोडून सगळे बोलतात.

एवढं बोलून बोलून शेवटी घशाने असहकार पुकारला. एका पावसाळ्यात लागोपाठ तीन प्रशिक्षणं झाली आणि सरांचा आवाज बसला. कऱ्हाडच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरयंत्राला सूज आहे, पंधरा दिवस एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. सरांनी खुणेने विचारलं, ‘शाळा?’ डॉक्टर म्हणाले, “जा की. बोलू नका म्हणजे झालं.” डॉक्टरांना शाळेबद्दल फारशी कल्पना नसावी.

आमची शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे, मध्ये अर्धी भिंत. त्या भिंतीपलीकडून पहिल्यांदाच मुलांचे आवाज ऐकू यायला लागले. पहिल्या दिवशी दंगा झाला. दुसऱ्या दिवशी सरांनी नाइलाजाने कपाट उघडलं, काड्यांचे गठ्ठे बाहेर काढले, फळ्यावर गणितं लिहिली आणि हातात पाटी घेऊन मुलांत जाऊन बसले.

तिसऱ्या की चौथ्या दिवशीची गोष्ट. फळ्यावर ५२ वजा २७ होतं. सरांची शिकवलेली रीत अशी की दोनातून सात जात नाहीत, म्हणून पाच दशकांतला एक सुटा करायचा, गठ्ठ्याचं रबर काढायचं, बारातून सात घालवायचे. तिसरीतली एक मुलगी आहे, तिची आई आठवडी बाजारात भाजी घेऊन बसते आणि शाळेला सुट्टी असली की ही शेजारी बसते. तिने पाच गठ्ठे आणि दोन काड्या मांडल्या. गठ्ठ्याचं रबर काढलंच नाही. तीन गठ्ठे उचलून पलीकडे सरकवले. तिसरा गठ्ठा सरकला तेव्हा सरांचं तोंड उघडलं, बोट वर गेलं, आणि आवाज न आल्यामुळे दोन्ही तसंच राहिलं. तेवढ्यात तिने शेजारच्या ढिगातून तीन सुट्ट्या काड्या घेऊन आपल्यात मिळवल्या आणि म्हणाली, “पंचवीस.”

सरांनी पाटीवर लिहिलं, ‘२७ मध्ये दोन दशक. तीन का दिलेस?’

पोरीने वाचलं. “सत्तावीस द्यायचं आन् सुट्टं न्हाईत. मग तीस द्यायचं, तीन माघारी घ्यायचं. सुट्टं करत बसल्यावर गिऱ्हाईक थांबतंय व्हय गुर्जी?”

सरांनी पाटी पुसली. ८३ वजा ४८ लिहिलं. पोरीने पाच गठ्ठे दिले, दोन काड्या माघारी घेतल्या. पस्तीस. ६१ वजा २९. तीन गठ्ठे दिले, एक काडी घेतली. बत्तीस. एव्हाना शेजारचा पोरगा सरकून जवळ आला होता. सरांनी ६४ वजा २१ लिहून पाटी त्याच्यापुढे धरली. त्याने तीन गठ्ठे दिले आणि नऊ काड्या माघारी मोजायला लागला. पोरीने त्याच्या हातावर चापटी मारली. “याडा का खुळा? एक सुट्टी हाय की तुझ्याजवळ! दोन गठ्ठं आन् एक काडी दे, मोकळा हो.”

इथे त्याला काय येत नव्हतं आणि तिला काय येत होतं, हे पंधरा दिवसांच्या निवासी प्रशिक्षणात समजावता आलं नसतं. रीत दोघांनाही जमली होती. ती कधी वापरायची आणि कधी नाही, हे तिला कळत होतं. सर मधली सुट्टी होईपर्यंत तिथून उठले नाहीत. त्या दिवशी मूल्यमापनाच्या नोंदवहीत त्या मुलीपुढे ‘गणितात प्रगती समाधानकारक’ असं नेहमीचं वाक्य होतं, ते सरांनी खोडलं आणि खाली लिहिलं, ‘वजाबाकी उत्तम येते. मी शिकवलेली नाही.’ सरांच्या आख्ख्या नोकरीतली ती सर्वांत खरी वर्णनात्मक नोंद.

सर आता सुधारले, असं आम्ही एकमेकांना सांगू लागलो. आणि सरांचा आवाज परत आला.

त्या महिन्याच्या शिक्षण परिषदेत सरांनी नवी मांडणी केली, ‘मौन अध्यापन पद्धती: सहा पायऱ्या’. हर्बार्टच्या पाचावर सहावी आता वाळवा तालुक्याने घातली होती. चौथी पायरी होती, ‘सुलभकाने अनावश्यक बोलणे टाळावे.’ तिच्यावर सर चाळीस मिनिटं बोलले.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘सुट्टे-माघारी पद्धत’. मग पायऱ्या. अ, वजा करायच्या संख्येच्या पुढील पूर्ण दशक शोधा. आ, पूर्ण दशक व मूळ संख्या यांतील फरक काढा. इ, मोठ्या संख्येतून पूर्ण दशक वजा करा. ई, आलेल्या उत्तरात फरक मिळवा. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. उदाहरण सोडवायला अर्थातच त्या पोरीला उठवलं. ती फळ्यापुढे गेली, अ वाचला, आ वाचला, खडू हातात तसाच ठेवून म्हणाली, “गुर्जी, मी माझ्या रीतीनं करू का?”

“अगं, ही तुझीच रीत आहे!”

“आसंल,” पोरगी म्हणाली, “पण तुमी शिकवल्यापास्नं अवघड झालीया.”

हे ऐकून, शिकवणं म्हणजेच शिकण्यातला अडथळा, असा निष्कर्ष कुणी काढील तर तो सरांवर अन्याय होईल. त्या मौनाच्या पंधरवड्यात चौथीतल्या दोन पोरांनी मागच्या कोपऱ्यात बसून फक्त गोट्यांचा हिशेब केला, त्यांना नुसतं सोडून देऊन काहीही आलं नाही. त्यांच्याजवळ कुणीतरी बसायला हवं होतं. त्या पोरीलाही दहाचा गठ्ठा म्हणजे काय, हे आदल्या वर्षी शाळेतच कळलं होतं. बाजाराने तिला व्यवहार दिला, शाळेने आकडे दिले, दोन्ही तिने आपल्या डोक्यात एकत्र केले. हे शेवटचं काम तिच्या वतीने दुसऱ्या कुणालाही करता येत नाही, आणि सगळी भानगड तिथेच आहे. सरांनी त्या दिवशी ६४ वजा २१ लिहिलं, ते नेमकं त्या पोराची गाडी अडेल असं गणित होतं. ते सुचायला वीस वर्षांची नोकरी लागते. आमच्या सरांसारखा शिक्षक तालुक्यात नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. फक्त तो पाटीवर लिहितो तेव्हा दिसतो.

सरांच्या बदलीचं यंदा जमेल अशी लक्षणं आहेत. तेव्हा सांगली जिल्हा परिषदेला आमची हात जोडून विनंती आहे. माणूस लाखातला आहे, त्यांना तिसरी-चौथीचा वर्ग द्या, काड्यांचे गठ्ठे द्या, कपाटाची किल्ली मात्र मुलांजवळ ठेवा. आणि काही झालं तरी माइक देऊ नका.